चित्रातील रुग्ण आणि आमची जबाबदारी

हल्ली अनेक औषधालयांच्या प्रतीक्षाकक्षात दूरचित्रवाणी संच असतो आणि त्यावर आरोग्यविषयक चित्रफिती दाखविल्या जातात. कित्येक वैद्यबंधू भ्रमणध्वनीवरूनही त्या रुग्णांना पाठवितात. त्यांत अ‍ॅनिमेशनचा, म्हणजे हलत्या चित्रांचा, वापर वाढला आहे. अशी एक छोटी चित्रफीत आम्ही पाच सहाध्यायांनी २००३ साली, बी.ए.एम.एस.च्या अंतिम वर्षात असताना, तयार केली होती. त्या उद्योगातून मिळालेला एक धडा वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्मितीची रीत

महाविद्यालयाच्या ग्रामीण आरोग्य शिबिरासाठी मधुमेहाच्या पथ्यापथ्यावर दोन मिनिटांची फीत करावी, असे ठरले. व्हिडिओच्या आपल्याकडील पद्धतीत एका सेकंदाला २५ चौकटी लागतात. एकेक चित्र दोन चौकटी टिकविले, तरी दोन मिनिटांना १,५०० चित्रे हवीत. अभ्यास सांभाळून इतकी चित्रे रेखाटणे अशक्य होते. म्हणून पुठ्ठ्याच्या आकृती कापून त्यांचे सांधे दोऱ्याने जोडले. दोन बाकांवर काच ठेवून वर उसना डिजिटल कॅमेरा खाली तोंड करून बांधला. आकृतीचा हात जवभर सरकवावा, आपला हात बाजूला घ्यावा, छायाचित्र टिपावे आणि पुन्हा सरकवावा, असा क्रम होता.

निवेदन आम्ही आधीच ध्वनिमुद्रित केले होते. कोणत्या शब्दाला कितवे चित्र येईल, याचा तक्ता भिंतीवर लावला होता. खिडकीतील उजेड बदलला की चित्र लुकलुके, म्हणून खिडक्या लावून रात्री दिव्यांवर काम चाले. हालचालीच्या आरंभी व शेवटी अंतर थोडे आणि मध्ये अधिक ठेवले, तरच ती जिवंत वाटते, हे चुकत चुकत कळले. एकदा एकाचा धक्का बाकाला लागला आणि ४० चित्रे पुन्हा घ्यावी लागली.

शेवटचे दृश्य

फीत हसऱ्या प्रसंगाने संपावी, म्हणून आम्ही एक दृश्य रचले. पथ्य पाळून व चूर्ण घेऊन ताजातवाना झालेला रुग्ण इन्सुलिनची सुई खिडकीबाहेर भिरकावतो. आठ सेकंद, १०० चित्रे, दोन रात्रींचे काम. आम्हाला त्याचा फार अभिमान होता.

शिबिराच्या आधी कायचिकित्सेच्या सरांना फीत दाखविली. ते शेवटपर्यंत शांत होते. मग विचारले, "सुई फेकायला याला कोणी सांगितले?" आम्ही म्हणालो, "सर, तो विनोद आहे. निवेदनात तसे कुठेच म्हटलेले नाही." सर म्हणाले, "निवेदन विसरले जाईल. फेकणारा हात लक्षात राहील."

आमच्यातील ज्या मैत्रिणीने ती सुई कापली होती, ती गप्प होती. थोड्या वेळाने तिने सांगितले, की तिच्या वडिलांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून इन्सुलिन बंद केले होते आणि चौथ्या दिवशी त्यांना बेशुद्धावस्थेत रुग्णालयात न्यावे लागले होते. हे ठाऊक असूनही तिने ती सुई कापली, आणि आम्ही सर्वांनी ती फेकली. त्या रात्री ती १०० चित्रे काढून टाकली. नव्या दृश्यात रुग्ण रक्तशर्करेचा अहवाल घेऊन वैद्याकडे येतो आणि औषधाच्या मात्रेबद्दल विचारतो, एवढेच दाखविले.

शिबिरात फीत संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "म्हणजे इंजेक्शन चालूच ठेवायचे ना, डॉक्टर?" आधीचे दृश्य ठेवले असते, तर कदाचित त्यांनी हे विचारलेही नसते.

विचार करण्याजोगे

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचे रोप वाढताना चित्रित केले आणि १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या हलवून दाखविल्या. रोप आपले आपण वाढले होते. काड्या मात्र माणसाच्या हाताने हलल्या. अ‍ॅनिमेशन हे दुसऱ्या जातीचे काम आहे. आपण हलविल्याशिवाय तेथे काहीच हलत नाही. तेथे रुग्ण बरा होतो, तोही आपणच त्याला बरा केल्यामुळे. औषधाने काही सिद्ध झालेले नसते.

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात रुग्णाचे जे चार गुण सांगितले, त्यांत स्मृती व निर्देशकारित्व हे दोन आहेत. चांगला रुग्ण सांगितलेले लक्षात ठेवतो व तसे वागतो. म्हणूनच चित्रातून दिलेला निर्देश हाही निर्देशच मानावा लागतो. औषधे व चमत्कारिक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हेच सांगतो. त्यात जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश व ध्वनी या साधनांनी केलेली घोषणाही येते, आणि अनुसूचीतील रोगांत मधुमेहाचा समावेश आहे.

आज ही कला भ्रमणध्वनीवरही साधते. वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी विद्यार्थ्यांना तिच्यासाठी अवश्य प्रोत्साहन द्यावे. मात्र फीत लावण्यापूर्वी ती एकदा आवाज बंद करून पाहावी. केवळ चित्रे पाहून रुग्ण घरी जाऊन काय करील, याचे उत्तर निर्धोक असेल, तरच ती प्रतीक्षाकक्षात लावावी, ही नम्र विनंती.