ईदची सहल आणि समुद्राचे उधाण

कर्जत-खालापूरच्या माणसाला नदी कळते. घाटावर पाऊस कोसळला की उल्हास आणि पाताळगंगा फुगणार, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. समुद्राचा हिशेब मात्र वेगळा आहे. ईदनंतर पेण-अलिबागमार्गे काशिद किंवा मुरूडला निघणाऱ्या कुटुंबांनी तो समजून घ्यायला हवा.

भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि आपले हिजरी महिनेही. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी असते. ईदुल फित्र नव्या चाँदाबरोबर येते, म्हणून ती दरवर्षी उधाणाच्या दिवसांतच पडते. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर साधारण जोहरच्या सुमारास पूर्ण भरती असते. मग मगरिबपर्यंत पाणी ओसरत जाते. मुले पाण्यात खेळतात ती नेमकी हीच वेळ! बकरी ईद १० जिलहिज्जला येते. तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती असते.

पण भांग म्हणजे सुरक्षितता नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या सहलीतले विद्यार्थी बुडाले. तेव्हा ना पावसाळा होता, ना उधाण.

म्हणून भरतीच्या वेळेबरोबर लाटांचा अंदाजही पाहावा. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था तो रोज देते. त्यातले दोन आकडे महत्त्वाचे. पहिला लाटेची उंची. ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अंदाज दीड मीटरचा असला तरी एखादी लाट तीन मीटरचीही येऊ शकते. दुसरा आकडा दोन लाटांमधल्या सेकंदांचा. पाच-सहा सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याच्या लाटा. चौदा-पंधरा सेकंद म्हणजे दूरच्या वादळातून आलेल्या, जोरकस लाटा. इथे वारा पडलेला असतानाही त्या येतात.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाच मिनिटे नुसते पाहा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसला, तर तिथे उतरू नका. तिथूनच पाणी आत खेचते. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे. वाचवायला उडी घेण्याऐवजी दोर किंवा रिकामा कॅन फेकावा आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

निघण्याआधी घरातल्या एकाने भरतीची वेळ आणि हे दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. बिर्याणीच्या डब्याइतकीच त्या कागदाचीही आठवण ठेवावी.