मागून येणाऱ्यासाठी

सावनेरला नागपूरचा रस्ता फुटतो. एक फाटा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. आंबिया बहाराची तोड सुरू झाली, की या दोन्ही रस्त्यांवर ट्रकमागे ट्रक लागतात. पुढची गाडी हलेना, की मागच्याला वाचायला समोर तिचा फाळका असतो. 'हॉर्न ओके प्लीज', 'यूज डिपर ॲट नाईट', 'बुरी नजर वाले तेरा मुँह काला', 'फिर मिलेंगे' आणि मधूनच एखादं 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. शाळेच्या पुस्तकाबाहेरचं आपलं पहिलं वाचन अनेकांनी या फाळक्यांवरच केलं आहे.

गंमत म्हणजे, माणसाने आकाशात पाठवलेल्या गाड्यांवरही असंच लिहिलेलं आणि रंगवलेलं असतं. तिथल्या पाट्या वाचल्या, की आपल्या ट्रकची पाठही वेगळी दिसू लागते. म्हणून आज थोडं या दोन्हींविषयी.

आधी कामाचं, मग मनातलं

ट्रकवरच्या अक्षरांचे सरळ दोन भाग पडतात. पहिला कामाचा: गाडीचा नंबर, 'नॅशनल परमिट', वजनाचे आकडे आणि चकाकणाऱ्या पट्ट्या. या पट्ट्यांचा रंगसुद्धा ठरलेला असतो. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. अंधारात नुसत्या रंगावरून कळतं, की आपण समोरच्या गाडीच्या तोंडाशी आहोत, कुशीला आहोत की पाठीशी. दुसरा भाग मालकाच्या आणि पेंटरच्या हौसेचा: कमळ, मोर, डोळे, मुलांची नावं, देवाचं नाव, एखादा टोमणा.

'हॉर्न ओके प्लीज' या दोन्हींच्या मधे बसतं. रस्ते अरुंद होते तेव्हा ओव्हरटेक करणाऱ्याने हॉर्न दिला तरच पुढच्याला कळायचं. पुढे रस्ते रुंदावले, आरसे आले, पण अक्षरं राहिली. अखेर 30 एप्रिल 2015 रोजी महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी व्यावसायिक वाहनांवर हे लिहिण्यास बंदी घातली. कारण सांगितलं, की त्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. आपण तर सीमेवरची माणसं. एमएच आणि एमपी, दोन्ही पाट्यांच्या गाड्या आपल्याच ढाब्यांवर शेजारी उभ्या राहतात.

चारशे किलोमीटर उंचीवरच्या पाट्या

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा पहिला भाग 20 नोव्हेंबर 1998 रोजी वर गेला. आज ते 109 मीटर लांब आहे आणि ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला धरायचे दांडे बसवलेले आहेत. दुरुस्तीसाठी बाहेर पडलेला अंतराळवीर त्यांना धरूनच पुढे सरकतो. अमेरिकी भागातले दांडे सोनेरी-पिवळे असतात, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर चटकन दिसतात, आणि त्यांना चार आकडी क्रमांक असतात. खालून नियंत्रण कक्षाने 'अमुक क्रमांकाच्या दांड्याकडे जा' म्हटलं, की शोधाशोध करावी लागत नाही.

हे सोपं वाटतं, पण तिथली परिस्थिती बघा. स्थानक साधारण दीड तासात एक फेरी पूर्ण करतं, म्हणजे दर पाऊण तासाने दिवस मावळतो किंवा उजाडतो. उन्हात तापमान 120 अंशांच्या वर जातं, सावलीत उणे दीडशेच्या खाली. हातात जाड मोजे आणि उजेडाला हेल्मेटवरचा दिवा. अशा वेळी रंग आणि आकडा हेच सोबती. पोशाखांचंही तसंच. दोघे बाहेर पडले, की एकाच्या पोशाखावर लाल पट्टे असतात आणि दुसऱ्याचा पांढराशुभ्र असतो. चेहरा काचेआड दिसत नाही, मग कोण कोण आहे हे पट्ट्यांवरून ओळखायचं. सुनीता विल्यम्स यांनी नऊ वेळा मिळून 62 तासांहून जास्त वेळ असं बाहेर काम केलं आहे. त्या आकड्यांची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळणार?

आणि थट्टाही

पण माणूस तिथेही गप्प बसत नाही. 1961 साली अंतराळवीर गस ग्रिसम यांच्या यानाचं नाव होतं 'लिबर्टी बेल 7'. फिलाडेल्फियातल्या ज्या प्रसिद्ध घंटेवरून हे नाव घेतलं, तिला तडा गेलेला आहे. म्हणून यानाच्या बाहेरच्या अंगावर पांढऱ्या रंगाने तसाच तडा रंगवला होता! उड्डाण नीट पार पडलं. पण समुद्रात उतरल्यावर दार अवेळी उघडलं आणि यान बुडालं. ग्रिसम वाचले. यान 38 वर्षांनी, 1999 मध्ये, समुद्रतळातून वर काढलं.

जुलै 2000 मध्ये स्थानकाचा 'झ्वेझ्दा' हा भाग घेऊन रशियाचं रॉकेट उडालं, तेव्हा त्याच्या अंगावर पिझ्झा हटचं भलंमोठं बोधचिन्ह होतं. आपल्या एसटीच्या पाठीवर साबणाची जाहिरात असते, त्यातलाच प्रकार.

मंगळावर 'क्युरिऑसिटी' गाडी चालते, तेव्हा तिच्या चाकांमधल्या छिद्रांमुळे वाळूत मोर्स लिपीत तीन अक्षरं उमटतात: जे, पी, एल. ती जिथे तयार झाली त्या प्रयोगशाळेची ही आद्याक्षरं. ही सही कामाचीही आहे, कारण मागच्या ठशांच्या अंतरावरून गाडी प्रत्यक्षात किती पुढे गेली ते मोजता येतं. फेब्रुवारी 2021 मध्ये मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स'वर तर घराण्याचं चित्रच आहे. आधीच्या मंगळगाड्या ओळीने, थोरली आधी आणि धाकटी शेवटी. कारच्या मागच्या काचेवर आई, बाबा, ताई, दादाचे स्टिकर लावतात, अगदी तसं. आपल्या 'प्रज्ञान'च्या मागच्या चाकांवरही इस्रोचं चिन्ह आणि राजमुद्रा कोरलेली होती.

एवढ्या महागड्या यंत्रावर ही हौस कशाला, असं कोणी विचारेल. आपल्याकडे त्याचं उत्तर पोळ्याला मिळतं. बैलाच्या शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. यातल्या कशानेही नांगर जास्त खोल जात नाही. तरी वर्षभर राबणाऱ्याला नुसतं कामापुरतं ठेवणं आपल्याला बरं वाटत नाही. तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांमधले चिमटेही त्यातलेच.

एक मराठी पाटी, फार लांब

1977 मध्ये अमेरिकेने दोन 'व्हॉयेजर' यानं पाठवली. प्रत्येकाच्या बाहेरच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी बसवली आहे. तिच्या झाकणावर ती कशी वाजवायची हे चित्रांनी कोरलंय, कारण वाचणाऱ्याला आपली कोणतीच लिपी येणार नाही. तबकडीच्या कडेच्या रिकाम्या जागेत, सगळ्या जगांतल्या आणि सगळ्या काळांतल्या संगीतकारांना उद्देशून एक छोटी ओळ हाताने कोरलेली आहे. फाळक्यावर जागा उरली म्हणून पेंटरने काढलेल्या फुलासारखी!

तिच्यात 55 भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठी आहे. शिवाय गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. 'व्हॉयेजर 1' 5 सप्टेंबर 1977 ला निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आज ते यान 2,400 कोटी किलोमीटरहून दूर आहे.

इतक्या लांब मराठी पोचली. इथे पांढुर्णा-सौंसरमध्ये, ऑक्टोबर 2023 पासून स्वतंत्र जिल्हा झालेल्या आपल्याच भागात, ती बाहेरच्या भिंतीवर किती दिसते? घरात आपण मराठी बोलतो, पण दुकानाची पाटी हिंदी, लग्नपत्रिका हिंदी, गाडीच्या काचेवरचं इंग्रजी. हिंदी आपलीच आहे, तिच्याशी भांडण नाही. पण मुलं जे रोज पाहतात ते वाचायला शिकतात, आणि जे कुठेच लिहिलेलं दिसत नाही ते बोलण्यापुरतं उरतं.

आपल्या हातातलं

म्हणून तरुण मंडळींना दोन कामं सांगतो. पहिलं तातडीचं. कापूस आणि संत्री भरून अंधारात चालणाऱ्या कितीतरी ट्रॉल्यांच्या मागे नाव झोकात असतं, पण लाल पट्टी नसते किंवा चिखलाने झाकलेली असते. मागून मोटरसायलवर येणाऱ्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. घरच्या ट्रॉलीला या हंगामाआधी पट्टी लावा, आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा.

दुसरं हौसेचं. पट्टी लावून झाली, की तिच्या वर जागा उरते. तिथे एक ओळ मराठीत लिहा. आशीर्वाद असो, थट्टा असो, नाहीतर आजी नेहमी म्हणायची ते काही. तिचा फोटो काढून आपल्या अंकासाठी पाठवा. गाडीचा नंबर मात्र झाका. चांगल्या ओळी जमल्या, तर पोळ्याच्या अंकात त्यांचं एक पान करू.