वाण आणि गुण

आपल्या मराठी भाषेंत दोन म्हणी अशा आहेत कीं, त्या एकमेकींशीं भांडत उभ्या असल्यासारख्या वाटतात. एक म्हणते, "खाण तशी माती." दुसरी म्हणते, "ढवळ्याशेजारीं बांधला पोवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला." पहिली रक्ताची बाजू घेते, दुसरी संगतीची. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं शाळेच्या ओसरीवर ह्या दोन्ही म्हणींचा अर्थ आम्हांस निरनिराळ्या शब्दांत ऐकूं येतो. मुलगा नापास झाला कीं बाप म्हणतो, "आमच्या घराण्यांतच गणित नाहीं, गुरुजी!" आणि आई शेजारच्या पोराच्या संगतीस बोल लावते. ह्या वादांत शास्त्र काय म्हणतें, तें येथें थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

आरंभ भातापासून करूं, कारण मुळशीकरांस तें समजावून सांगावें लागत नाहीं. आंबेमोहोराचा सुवास त्याच्या वाणांत आहे, हें खरें. सुवासिक तांदळाच्या बहुतेक जातींत एक विशिष्ट जनुक निकामी झालेलें असतें. तें चालू असतें तर ज्या द्रव्याचा वास आपणांस येतो, तें दाण्यांत सांठलेंच नसतें. (कांहीं बिघडल्यामुळें कांहीं सुगंधी व्हावें, हा सृष्टीचा एक विनोदच म्हणावयाचा.) परंतु दाणा भरण्याच्या दिवसांत हवा थंड असली तर हा सुवास अधिक टिकतो, आणि उष्मा असला तर उणावतो. म्हणून आपल्या डोंगरउतारावरील खाचरांतलें बीं दूरच्या तापत्या रानांत नेऊन लावलें तर वाण तोच राहील, पण भात शिजत असल्याचें शेजाऱ्यास पूर्वीसारखें कळेलच असें नाहीं. उलट, साधें भात मुळशींत लावलें म्हणून त्यास आंब्याच्या मोहोराचा वास येणार नाहीं. तेव्हां सुवास बियाण्याचा किती व हवेचा किती, हें विचारणें म्हणजे भाकरी पिठाची किती व विस्तवाची किती, असें विचारण्यासारखें आहे.

बीजांतून गुण कसे उतरतात, ह्याचा पहिला बिनचूक हिशेब ग्रेगोर मेंडेल नांवाच्या एका ख्रिस्ती मठवासी धर्मगुरूनें मांडला. आज चेक देशांत असलेल्या ब्रनो शहरीं, मठाच्या बागेंत, त्यानें सुमारें आठ वर्षें वाटाण्याचीं झाडें वाढविलीं व १८६५ सालीं आपलीं अनुमानें विद्वानांपुढें वाचून दाखविलीं. त्यांचें महत्त्व जगास कळावयास १९०० साल उजाडावें लागलें. मेंडेल वारून तोंवर सोळा वर्षें झालीं होतीं.

वाटाण्याचें झाड उंच कीं खुजें, हें एका जनुकावरून ठरलें. मनुष्याचें तसें नाहीं. आपणांस २३ गुणसूत्रें आईकडून व २३ बापाकडून मिळतात, आणि त्यांवर सुमारें २०,००० जनुकें असतात. नुसत्या उंचीशीं संबंध असलेलीं सुमारें १२,००० स्थानें शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं नोंदविलीं. उंचीची ही कथा, मग बुद्धि, धीटपणा, चिकाटी ह्यांचें काय सांगावें! गणिताचें म्हणून एखादें जनुक नाहींच. तेव्हां तें अमक्या घराण्यांत नाहीं, ह्या म्हणण्यासही अर्थ उरत नाहीं.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असें अनुमान काढतात कीं, माणसांमाणसांच्या स्वभावांतील फरकांपैकीं सुमारें ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक भेदांमुळें पडतो. हा आंकडा वाचून पुष्कळ जण फसतात. एखाद्या मुलाचा निम्मा स्वभाव रक्तांतून आला व निम्मा घरांतून, असा त्याचा अर्थ मुळींच नव्हे. हा आंकडा एका मुलाचा नसून समूहांतील फरकांचा आहे, आणि परिस्थिति पालटली कीं तोही पालटतो. एक वर्ग असा कल्पावा कीं, त्यांतील प्रत्येक मुलास पोटभर अन्न, दिवा, पुस्तकें व झोप सारखीच मिळते. त्या वर्गांत जे फरक उरतील, त्यांतील पुष्कळसे जन्मजात असतील. आतां दुसरा वर्ग पाहावा. त्यांतील निम्मीं मुलें खाऊनपिऊन येतात, आणि निम्मीं डोंगरावरील वाडीवरून उपाशी पोटीं दोन कोस चालत येतात. येथें गुणपत्रकांत जें अंतर दिसेल, तें बऱ्याच अंशीं भुकेचें व वाटेचें असेल. अशा वर्गांतील मुलांच्या गुणांवरून त्यांच्या जातीची किंवा घराण्याची बुद्धि मोजणें हें अज्ञान तर आहेच, पण आमच्या मतें तो अन्यायही आहे.

जन्मांध माणसास पाहून शिष्यांनीं प्रभूस असाच प्रश्न केला होता कीं, पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोहोंपैकीं कोणावरही दोष ठेवला नाहीं, हें योहानाच्या शुभवर्तमानांत आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचलेंच आहे.

परिस्थिति म्हटली कीं, आपल्या डोळ्यांपुढें शाळा, शेजार व मित्र येतात. परंतु मुलाची पहिली परिस्थिति म्हणजे आईचें उदर, आणि ह्याविषयीं जगास मोठें ज्ञान देणारा अभ्यास आपल्याच पुणें जिल्ह्यांत झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ सालीं जिल्ह्यांतील सहा खेड्यांत तो आरंभिला. तेथील नवजात बाळांचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदम्टन शहरच्या बाळांचें सुमारें ३.५ किलो होतें. नवल असें कीं, आपलीं बाळें दिसावयास रोड असलीं तरी त्यांच्या अंगांत मांस कमी आणि चरबी त्या मानानें अधिक होती. पुढें मधुमेह होण्याकडे जो आपल्या लोकांचा कल दिसतो, त्याचें एक मूळ येथें असावें असें हे शास्त्रज्ञ मानतात.

ह्या अभ्यासांत आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या गरोदर स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं बाळें जन्मतः मोठीं होतीं. ज्यांना शेताचीं व घरचीं कष्टाचीं कामें अधिक करावीं लागत, त्यांचीं लहान होतीं. आषाढांत गुडघाभर चिखलांत दिवसभर वांकून लावणी करणारी, आणि घरीं आल्यावर सर्वांचीं जेवणें उरकल्यावर तव्यावर उरेल तें खाणारी सून ज्या घरांत आहे, त्या घरानें नातवाच्या अंगलटीबद्दल तिच्या माहेरास बोल लावण्यापूर्वीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें.

त्या खेड्यांत तेव्हां जन्मलेलीं बाळें यथाकाल मोठीं झालीं. बी-१२ नांवाचें जीवनसत्त्व तेथील पुष्कळ मातांच्या रक्तांत अपुरें आढळलें होतें. दूध, अंडीं, मांस, मासळी ह्यांतून तें मिळतें, पालेभाजींतून मिळत नाहीं. म्हणून ह्या मुलामुलींस किशोरवयांतच, त्यांचे विवाह होण्यापूर्वीं, तें देऊन पाहावें आणि पुढें त्यांच्या पोटीं येणाऱ्या बाळांची तपासणी करावी, असा प्रयोग २०१२ सालीं सुरू करण्यांत आला. त्यांत मुलांसही मुलींच्या बरोबरीनें घेतलें होतें.