पित्तनलिकेचे आकुंचन : कर्करोगाचे की साधे?

खास प्रतिनिधी

'कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.' पॅथॉलॉजीच्या अहवालातील हे एक वाक्य वाचले की रुग्णाच्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पित्तनलिका अरुंद झालेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र हा दिलासा फसवा ठरू शकतो. नलिकेतील पेशी ब्रशने खरवडून केलेल्या तपासणीत, प्रत्यक्ष कर्करोग असलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ४५ जणांचेच निदान होते, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसून आले. उरलेल्या ५५ जणांच्या हाती हेच दिलासादायक वाक्य पडते.

यकृतात तयार होणारे पित्त लहान आतड्यापर्यंत पोहोचवणारी मुख्य नलिका जेमतेम सहा मिलीमीटर रुंदीची असते. ती कोठेही आवळली गेली की पित्त मागे तुंबते आणि रक्तात उतरते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका, मातकट होतो आणि अंगाला असह्य खाज सुटते. ही अडथळ्याची कावीळ. दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय मिळते ते चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवून देणाऱ्याला. अडथळ्याची कावीळ अशी उतरत नाही. तरीही शहरांतील सुशिक्षित घरांतून आजही हे उपाय आधी होतात आणि त्यात मोलाचे आठवडे निघून जातात.

नलिका आवळण्याची कारणे अनेक आहेत. पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत नलिकेला झालेली इजा, अडकलेले खडे, स्वादुपिंडाचा जुनाट दाह ही साधी कारणे. आपल्याकडे क्षयामुळे सुजलेल्या गाठींचा दाब किंवा यकृताकडे जाणारी शीर बंद पडल्याने नलिकेभोवती फुगलेल्या रक्तवाहिन्या, हीदेखील कारणे क्वचित आढळतात. दुसऱ्या बाजूला नलिकेचा स्वतःचा कर्करोग, स्वादुपिंडाच्या शीर्षभागाचा कर्करोग आणि गंगेच्या खोऱ्यात विशेष प्रमाणात दिसणारा पित्ताशयाचा कर्करोग. या सर्वांची बाह्य लक्षणे बरीचशी सारखीच असतात.

म्हणून तपासणीची सुरुवात रुग्णाच्या पूर्वेतिहासापासून होते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल, तर संशय आधी तिच्याकडे जातो. कावीळ आहे, पोटात दुखत नाही, वजन घटते आहे आणि पित्ताशय हाताला फुगलेले लागते, अशा वेळी कारण खडा असण्याची शक्यता कमी, हे निरीक्षण स्विस शल्यविशारद लुडविग कूर्व्हॉझिए यांनी १८९० मध्येच नोंदवले होते. सोनोग्राफी आणि एमआरआय यंत्रे आली तरी ते बाद झालेले नाही.

सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसली की पुढची पायरी म्हणजे सीटी स्कॅन आणि एमआरसीपी, अर्थात एमआरआय यंत्राने घेतलेले पित्तमार्गाचे चित्र. साधे आकुंचन बहुधा आखूड, गुळगुळीत आणि हळूहळू निमुळते होत गेलेले असते. कर्करोगाचे आकुंचन लांब, खडबडीत, एका बाजूला झुकलेले असते आणि नलिका तेथे अचानक तुटल्यासारखी दिसते. मात्र हे 'बहुधा' महत्त्वाचे आहे, कारण दोहोंची चित्रे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. आणखी एक गोष्ट रुग्णांनी ध्यानात ठेवावी. ही चित्रे शक्यतो नलिकेत स्टेंट घालण्यापूर्वीच काढून घ्यावीत. स्टेंटमुळे नलिकेची भिंत सुजते आणि मूळ दोष कोणता, सूज कोणती हे नंतर ओळखणे अवघड होते. तीव्र जंतुसंसर्ग झाला असेल तर अर्थातच थांबता येत नाही.

रक्तातील सीए १९-९ या घटकाच्या तपासणीबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. त्याची नेहमीची मर्यादा ३७ धरली जाते. हा आकडा काहीशेवर गेला की घरात रडारड सुरू होते. वस्तुतः नुसते पित्त तुंबले किंवा नलिकेत जंतुसंसर्ग झाला तरी तो इतका वाढू शकतो आणि अडथळा दूर होताच खाली येतो. उलट, विशिष्ट रक्तप्रकाराच्या साधारण पाच ते दहा टक्के लोकांच्या शरीरात हा घटक तयारच होत नाही. त्यांच्यात कर्करोग असूनही आकडा सामान्य राहतो.

मग ब्रशची तपासणी इतकी का चुकते? ईआरसीपी करताना तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेच्या आतल्या अस्तरावरील पेशी घेतल्या जातात. पण या कर्करोगात घट्ट तंतूंचे जाळे जास्त आणि कर्करोगाच्या पेशी विखुरलेल्या असतात. पुष्कळदा तो अस्तराखालून पसरतो. स्वादुपिंडाची गाठ तर नलिकेला बाहेरून दाबते, तेथे ब्रश पोहोचतच नाही. ब्रशच्या जोडीला चिमट्याने तुकडा घेतल्यास यशाचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांपर्यंत जाते. नलिकेच्या आत जाणारी बारीक दुर्बीण, तसेच जठरातून केलेली एण्डोस्कोपिक सोनोग्राफी यांनी हे चित्र आणखी सुधारले आहे. अहवाल 'कर्करोग आहे' असा आला, तर मात्र तो क्वचितच चुकतो.

सुई घालण्यालाही एक अपवाद आहे. नलिकेच्या वरच्या भागातील कर्करोगावर अमेरिकेतील मेयो क्लिनिकसारख्या निवडक केंद्रांत यकृत प्रत्यारोपण केले जाते. तेथे पोटातून थेट गाठीत सुई घातली गेली असल्यास रुग्ण अपात्र ठरतो, कारण सुईच्या वाटेने पेशी पोटात पसरण्याची भीती असते.

कर्करोगाचे हुबेहूब सोंग घेणारा एक विकार मात्र औषधाने बरा होतो. आयजीजी४ या प्रतिपिंडाशी निगडित असलेल्या या दाहाचा रक्तातील धागा जपानी संशोधकांना २००१ मध्ये सापडला. स्वादुपिंड सुजते, नलिका आवळते, कावीळ होते आणि स्टेरॉइड दिल्यावर काही आठवड्यांत सारे ओसरू लागते. अर्थात, काही कर्करोगांतही हा प्रतिपिंड थोडा वाढलेला असतो. त्यामुळे पुरेशी खातरजमा न करता स्टेरॉइड सुरू करणे धोक्याचे आहे.

याउलट, साधा विकार पुढे कर्करोगाला वाट करून देतो असेही घडते. अमेरिकी फुटबॉलचा विख्यात खेळाडू वॉल्टर पेटन याने फेब्रुवारी १९९९ मध्ये आपल्याला पित्तनलिका हळूहळू आवळत नेणारा 'प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलांजायटिस' हा विकार असल्याचे जाहीर केले. तो प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत होता. दरम्यान नलिकेचा कर्करोग आढळला आणि प्रत्यारोपणाची वाट बंद झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

निदान अनिश्चित असताना कावीळ उतरवण्यासाठी कोणता स्टेंट घालायचा, हाही प्रश्न येतोच. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो, पण तो काढता येतो. आवरण नसलेला धातूचा स्टेंट भिंतीत रुतून बसतो, म्हणून निदान पक्के होईपर्यंत तो टाळतात.

सर्व तपासण्यांनंतरही संशय फिटला नाही, तर शल्यचिकित्सक, जठरांत्रतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावयाचा असतो. वाट पाहिल्यास कर्करोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो. घाई केल्यास साध्या आकुंचनासाठी यकृताचा मोठा भाग किंवा स्वादुपिंडाचे शीर्ष कापले जाऊ शकते. यकृताच्या मुखाशी कर्करोग असल्याच्या संशयावरून झालेल्या शस्त्रक्रियांपैकी साधारण पाच ते पंधरा टक्के रुग्णांमध्ये, काढलेल्या भागाची तपासणी झाल्यावर कर्करोग नव्हताच असे निष्पन्न होते. अशा शस्त्रक्रियेला संमती देण्यापूर्वी, निदान सिद्ध झाले आहे की केवळ संशय आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे.