जुना कॅमेरा, जुना कायदा

‘यशिका मॅट १२४ जी’ हा दुहेरी भिंगांचा जपानी कॅमेरा १९७० ते १९८६ या काळात तयार होत असे. हौशी मंडळी आजही तो ऑनलाइन शोधून विकत घेतात. समजा, इंदूरच्या एका ग्राहकाने कोलकात्याच्या विक्रेत्याकडून असा कॅमेरा मागविला. जाहिरातीत ‘भिंगे स्वच्छ, शटर सर्व वेगांवर अचूक’ असे नमूद होते. बारा छायाचित्रांचे पहिले रीळ धुऊन आले, तेव्हा भिंगातील बुरशीमुळे चित्रे धूसर निघाली. एक सेकंदावर लावलेले शटर तर उघडे ते उघडेच राहिले. रक्कम परत मिळेल काय?

विक्रेता कोण, यावर बरेच अवलंबून आहे. जुन्या कॅमेऱ्यांचा नियमित व्यापार करणाऱ्यास ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू होतात. सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. विक्री ज्या संकेतस्थळावरून झाली, तेथील तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे.

आजोबांच्या कपाटातील एखादा कॅमेरा विकणारी व्यक्ती मात्र या नियमांच्या कक्षेबाहेर राहते. तेथे मदतीस येतो तो मालविक्री कायदा, १९३०. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे त्याचे कलम १५ व्यापारी आणि खासगी विक्रेता असा भेद करीत नाही. दाद मात्र दिवाणी न्यायालयात मागावी लागते. वीस हजारांच्या कॅमेऱ्यासाठी तो मार्ग कितपत परवडतो, हे सांगावयास नको!

‘जसा आहे तसा’ या शब्दांनी विक्रेत्याची काही जबाबदारी कमी होऊ शकते. मात्र त्याच जाहिरातीत ‘शटर अचूक’ असे खोटे विधान असेल, तर ही ढाल तोकडी पडते. उलट, ‘केवळ शोभेसाठी’ म्हणून घेतलेल्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बंद निघाला, तर तक्रारीस फारसा आधार उरत नाही.

विलंब हा खरा शत्रू होय. वाजवी मुदतीत नकार न कळविल्यास माल स्वीकारल्याचे मानले जाते. त्यानंतर सामान्यतः केवळ नुकसानभरपाई मागता येते. म्हणून रिळाची वाट न पाहता मागचे झाकण उघडून मंद वेग तपासावेत, भिंगातून विजेरीचा प्रकाश पाहावा. दोष आढळल्यास स्वतः स्क्रू काढण्याचा मोह टाळावा, अन्यथा दोष कोणाचा हाच वाद उद्भवतो. नकार लेखी कळवावा. जाहिरातीची प्रत आधीच जपून ठेवलेली बरी, कारण विक्रीनंतर ती बहुधा दिसेनाशी होते.

कार्डाने रक्कम दिली असल्यास बँकेकडे विहित मुदतीत चार्जबॅकची मागणी करता येते. यूपीआयने थेट व्यक्तीच्या खात्यात पाठविलेली रक्कम बँक परस्पर वळती करून आणू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे मर्यादित दायित्वाचे परिपत्रकही येथे लागू पडत नाही. ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, आणि येथे तर ग्राहकाने स्वतःच पिन टाकलेला असतो.

व्यापारी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर संपर्क साधावा. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. ती इंदूरलाच दाखल होते, त्यासाठी कोलकाता गाठावे लागत नाही.