मान कुठून भरली आहे?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतं, मग दात, मग चाल. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या या बाजारात उंच मानेच्या मारवाडी घोड्याभोवती गर्दी ठरलेलीच. माझ्यासोबतचे पशुवैद्य मात्र अशाच एका घोड्याच्या मानेची खालची बाजू न्याहाळत होते.

व्यापाऱ्याला विचारून त्यांनी आयाळीखाली हात घातला. आयाळीलगत मणके नसतात. तिथे डोक्यापासून खोगिरापुढच्या उंचवट्यापर्यंत ताणलेला जाड, लवचिक बंध असतो. डोक्याचं बरंचसं ओझं तोच पेलतो. मानेचे मणके सात, माणसाइतकेच. पण छातीकडे येताना ते गळ्याच्या बाजूला खोल उतरतात.

मग हात खाली सरकला. कानामागून निघणारा ब्रेकिओसेफॅलिक स्नायू थेट पुढच्या पायाच्या दंडापर्यंत जातो आणि पाय पुढे ओढतो. तो आखडला की पाऊल आखूड पडतं. या घोड्याचा तो स्नायू दोरखंडासारखा टणक झाला होता. लगाम सतत खेचलेला असला की घोडा तोंडातल्या कडियाळ्याचा जाच चुकवायला डोकं वर फेकतो, पाठ खाली दबते. रोज हेच चाललं की खालचे स्नायू फुगतात आणि वरचे वाळतात. इथे खोगिरापुढे दोन्ही बाजूंना खळगे पडले होते. अरुंद खोगीर रुतलं तरी तिथला ट्रॅपेझियस स्नायू असाच झिजतो. डॉक्टरांनी तिथे बोटं दाबताच घोड्याचे कान मागे गेले, कातडी थरथरली.

शेवटी मान किती वळते ते बघायला गाजर. उजव्या बरगडीपाशी धरलं, तर मान सहज वळली. डावीकडे मात्र मान न वळवता त्याने मागचे पाय सरकवून अख्खं अंगच फिरवलं.

नुसत्या मालिशीने मानेचा हा ताठरपणा जाईल असं नाही. मूळ मानेच्या सांध्यात असू शकतं, त्यासाठी एक्स-रे लागतो. दाढेची धार तोंडात लागत असेल किंवा खूर दुखत असेल, तरी त्याचा ताण मानेवर येतो. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, त्यानेही मान ताणली जाते.

व्यापारी म्हणाला, “साहेब, मान तर बघा, कशी राजासारखी धरलीय!” डॉक्टरांनी लगाम काढून सैल दोरावर चालवायला सांगितलं. घोडा घेणाऱ्याने एवढा आग्रह जरूर धरावा. लगाम खेचून धरला की कुठलीही मान रुबाबदार दिसते.