मिशिगन सरोवराकाठची वाळू आणि तंबूतला मुक्काम

उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी संपूर्णपणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या हद्दीत असलेले एकमेव सरोवर म्हणजे मिशिगन. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या संपूर्ण कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे काठावर उभे राहिले असता पलीकडचा तीर दिसत नाही आणि पाणी गोडे आहे हे चव घेतल्याखेरीज पटत नाही. या सरोवराच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांवर वाळूच्या टेकड्यांची जी रांग पसरली आहे, ती गोड्या पाण्याच्या काठावर जगात आढळणाऱ्या अशा टेकड्यांमध्ये सर्वांत विस्तृत मानली जाते. शिकागो आणि डेट्रॉइट परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे उन्हाळ्यात या किनाऱ्यावर तंबूचा मुक्काम करतात, आणि भारतातून आलेले आईवडीलही पुष्कळदा त्यांच्यासोबत असतात. अशा सहलीची आखणी बहुधा खोल्या, अंतरे आणि सुट्ट्या यांच्या हिशेबाने सुरू होते. वास्तविक ती वाळूपासून सुरू व्हायला हवी, कारण मुक्काम कुठे करावा, पोहायला केव्हा उतरावे आणि पाऊल कुठे टाकू नये हे सर्व तीच ठरवते.

ही वाळू हिमयुगाची देणगी आहे. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी हिमस्तर मागे सरकताना त्याने आपल्याबरोबर आणलेली माती, दगडगोटे आणि वाळू यांचे ढीग, ज्यांना भूगोलात हिमोढ म्हणतात, इथे सोडून दिले. त्यातील वाळू लाटांनी धुऊन किनाऱ्यावर आणली आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी ती उचलून पूर्वेच्या काठावर रचली. काही ठिकाणी ही वाळू पाण्याच्या पातळीपासून न साचता उंच हिमोढाच्या माथ्यावर जाऊन बसली आहे, आणि त्यामुळे तेथील कडे थेट सरोवरात उतरतात. सरोवरापासून आत चालत गेले की आधी उघडी वाळू, मग गवत, मग झुडपे, पाइन आणि अखेरीस ओकचे जंगल असा क्रम दिसतो. हाच क्रम शिकागो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री चँडलर कौल्स यांनी इंडियानाच्या टेकड्यांवर अभ्यासला आणि १८९९ साली मांडला. एका वनस्पतिसमूहाची जागा दुसऱ्याने घेत जाण्याच्या या प्रक्रियेला अनुक्रमण म्हणतात, आणि परिस्थितिकीशास्त्राच्या पायाभूत अभ्यासांत कौल्स यांच्या कामाची गणना होते. पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तंबूपासून पाण्यापर्यंतची अर्ध्या तासाची वाट म्हणजे शेकडो-हजारो वर्षांचा उलटा प्रवास असतो, आणि तो सावकाश केला तरच दिसतो.

टेकडी जागेवर धरून ठेवण्याचे काम मॅरम नावाचे गवत करते. कोकण-गोव्याच्या पुळणीवर मर्यादावेल जे काम करते तेच हे, फरक इतकाच की मॅरमचे आडवे खोड वाळूच्या खाली पसरते आणि वर वाळू साचत गेली की ते पुन्हा वर चढत जाते. वाळूत गाडले जाणे या गवताला मानवते, पण माणसाच्या पायांखाली वारंवार तुडवले जाणे मानवत नाही. एका ठिकाणी आच्छादन फाटले की वारा तिथून वाळू उपसू लागतो आणि टेकडीला खोल वाटीसारखा खड्डा पडतो. मिशिगन राज्यातील सॉगटकजवळ सिंगापूर नावाचे लाकूडकामाचे गाव होते. १८७१ च्या शिकागोच्या प्रचंड आगीनंतर बांधकामासाठी लाकडाची मागणी वाढली, आसपासची झाडे भराभर तोडली गेली, वाळूला अडवणारे काही उरले नाही, आणि काही वर्षांतच ओस पडलेले ते गाव वाळूखाली गेले. याच टेकड्यांवर पिचर्स थिसल नावाची काटेरी, फिकट रंगाची वनस्पती आहे, जी महासरोवरांच्या किनाऱ्यांखेरीज कुठेही उगवत नाही. ती पाच ते आठ वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. आखून दिलेली पायवाट सोडून काढलेल्या एका छायाचित्रासाठी अशा झाडाची सगळी वर्षे वाया जाऊ शकतात, ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगण्यासारखी आहे.

ठिकाणाची निवड प्रामुख्याने दोन जागांमध्ये करावी लागते. शिकागोपासून साधारण ८० किलोमीटरवर असलेले इंडियाना ड्यून्स १९६६ साली राष्ट्रीय सरोवरतट म्हणून संरक्षित झाले आणि २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. साउथ शोर मार्गाची रेल्वे थेट तिथपर्यंत जाते आणि ड्यूनवुड हे तंबूस्थळ बेव्हर्ली शोर्स स्थानकाच्या जवळ असल्याने मोटारीशिवायही मुक्काम शक्य होतो. दुसरे, अधिक भव्य ठिकाण म्हणजे मिशिगन राज्याच्या वायव्य भागातील स्लीपिंग बेअर ड्यून्स. वणव्यातून वाचण्यासाठी विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावरून दोन पिलांसह पोहत निघालेली अस्वलीण काठाला लागली, पिले मात्र मागे बुडाली, तीच दोन मॅनिटू बेटे झाली आणि त्यांची वाट पाहत निजलेली आई म्हणजे ही टेकडी, अशी अनिशिनाबे आदिवासींची कथा या नावामागे आहे. १९७० पासून संरक्षित असलेल्या या तटावर प्लॅट रिव्हर हे वीज आणि स्नानगृहाची सोय असलेले तंबूस्थळ आहे, तर डी. एच. डे हे साधे, झाडीतले आणि पाण्याच्या अगदी जवळचे. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारच्या जागा सहा महिने आधी आरक्षण खुले होताच संपू लागतात. दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत पाहायची असल्यास घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागते, कारण इंडियानाचा हा भाग शिकागोच्या वेळेवर चालतो आणि मिशिगनचा किनारा त्याच्या एक तास पुढे. जूनअखेरीस स्लीपिंग बेअरला सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, आणि स्वयंपाक, मुलांची झोप, परतीची वाट या सगळ्यांचा हिशेब त्याप्रमाणे बदलतो.

ग्लॅमर आणि कॅम्पिंग या दोन शब्दांच्या जोडणीतून तयार झालेले ग्लॅम्पिंग म्हणजे पलंग, दिवे आणि कित्येकदा स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या मोठ्या तंबूतला मुक्काम. जमिनीवर झोपणे ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही अशा ज्येष्ठांसाठी ही सोय खरोखर मोलाची आहे, आणि तिला चैन म्हणून नाक मुरडणे योग्य नाही. मात्र असे तंबू साधारणपणे संरक्षित टेकड्यांबाहेर, आतल्या बाजूच्या खासगी जमिनींवर, फळबागांच्या आसपास उभे असतात; तेव्हा ‘सरोवराजवळ’ या शब्दाचा अर्थ मैलांत विचारून घ्यावा. स्लीपिंग बेअरमधील पिअर्स स्टॉकिंग हा सुमारे १२ किलोमीटरचा मोटाररस्ता ज्यांना चढण शक्य नाही त्यांनाही टेकड्यांच्या माथ्यापर्यंत नेतो.

या रस्त्यावरील एका सज्ज्यावरून वाळूचा कडा सुमारे १३७ मीटर खाली सरोवरापर्यंत उतरतो. उतरायला काही मिनिटे पुरतात, परंतु चढताना प्रत्येक पावलागणिक वाळू मागे ओढते, चढण तासाहून अधिक चालू शकते आणि थकून अडकलेल्यांची सुटका करण्याची वेळ बचाव पथकांवर दरवर्षी येते. टेकडी चढण्याची हौस भागवण्यासाठी ‘ड्यून क्लाइंब’ ही वेगळी राखीव जागा आहे. इंडियानातील माउंट बाल्डीने आणखी एक धोका दाखवून दिला: टेकडी पुढे सरकताना गाडली गेलेली झाडे आत कुजली, त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, आणि २०१३ साली अशा पोकळीत पडलेल्या लहान मुलाला तीन तासांहून अधिक काळानंतर जिवंत बाहेर काढण्यात आले. बंदीच्या फलकामागे असे कारण असते.

पाण्याविषयी सर्वांत घातक समज म्हणजे सरोवर समुद्रापेक्षा सौम्य असते हा. इथे जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नाही हे खरे, पण लाटा कमी अंतराने एकामागून एक येत असल्याने पोहणाऱ्याला दम घ्यायला फुरसत मिळत नाही, आणि गोडे पाणी शरीराला खाऱ्या पाण्याइतके तोलून धरत नाही. किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह, ज्यांना रिप करंट म्हणतात, वाळूच्या उंचवट्यांमधील फटींतून आणि धक्क्यांच्या कडेने वाहतात. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झटण्याऐवजी तरंगत राहून शक्ती राखावी आणि नंतर काठाला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे. मिशिगनच्या राज्य उद्यानांत दोन लाल निशाणे दिसली की पाण्यात उतरण्यास मनाई असते. ऑगस्टमध्ये पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर जाते खरे, तरी जमिनीकडून किंवा उत्तरेकडून जोराचा वारा सुटल्यास वरचे ऊबदार पाणी आत ढकलले जाते, तळाचे थंड पाणी वर येते आणि कालचा सुखद किनारा आज हाडे गोठवणारा ठरतो. म्हणून पोहण्याला एकच दिवस ठेवून आखलेली सहल फसण्याचा संभव मोठा असतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पूर्वार्ध हा काळ, पाणी तापलेले आणि गर्दी ओसरू लागलेली असल्यामुळे, जुलैहून चांगला म्हणावा लागेल.

सामानाच्या बाबतीत वाळूत नेहमीच्या खुंट्या टिकत नाहीत. तणावा वाळूने भरलेल्या पिशवीला किंवा जाड काठीला बांधून ती आडवी खोल पुरली तर तंबू वाऱ्याला दाद देत नाही. गवतात फिरताना लांब पायमोजे घालावेत आणि रात्री अंगावर गोचिडी पाहाव्यात, कारण त्यांच्यापासून लाइम हा आजार होऊ शकतो. चिखल्या पक्ष्यांच्या कुळातील पायपिंग प्लोव्हर उघड्या पुळणीवर, गोट्यांत मिसळून जाणारी अंडी घालतो; १९८६ मध्ये महासरोवरांवरील त्याच्या जोड्या वीसहूनही कमी उरल्या असताना त्याला संरक्षण मिळाले, आणि आज स्लीपिंग बेअर हा त्याच्या विणीचा प्रमुख आधार आहे. तिथे दोरीने वेढलेला किनाऱ्याचा भाग ओलांडू नये आणि कुत्रे त्या बाजूला नेऊच नये. सरपण घरून आणू नये, स्थानिक घ्यावे; २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेली अ‍ॅश झाडांना पोखरणारी हिरवी कीड अशाच लाकडांतून राज्याराज्यांत पसरली. किनाऱ्यावर जिथे शेकोटीला परवानगी आहे, तिथे ती पाणी आणि पहिली टेकडी यांच्यामधील उघड्या वाळूवर पेटवावी आणि विझवताना तिच्यावर वाळू न लोटता बादलीभर सरोवराचेच पाणी ओतावे, कारण वाळूखाली दडलेले निखारे कित्येक तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी धावत येणाऱ्या मुलाला ते दिसत नाहीत.